गप्पी, कोळंबी आणि भयदीप

भीतीला गंध असतो, ही गोष्ट कुत्र्यांना अनादिकाळापासून ठाऊक आहे. मनुष्यास ती कळण्यासाठी यंत्र निर्माण करावे लागले. ते यंत्र ज्या वर्षी रत्नागिरीच्या बाजारात मिक्सर आणि इस्त्रीच्या शेजारी फळीवर येऊन बसले, त्या वर्षी शिवलकरांच्या घरातील वैर अद्याप एका काचेच्या टाकीत मावण्याएवढेच होते.

उत्तमराव शिवलकर हे बंदरानजीकच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रचालक होते. दिवसभर मेलेल्या मासळीसाठी बर्फ तयार करावयाचा आणि सायंकाळी घरी येऊन जिवंत मासळीसमोर बसावयाचे, हा त्यांचा नेम. विवाह त्यांनी केला नाही. आईवडिलांच्या पश्चात धाकट्या मुकुंदाला त्यांनीच लहानाचा मोठा केला, होड्यांची विजेवर चालणारी इंजिने दुरुस्त करण्याची विद्या त्याला मिळवून दिली, आणि यथाकाल त्याचे लग्नही लावून दिले.

नववधू केतकी दापोलीहून आली ती हातात बरणी घेऊन. उंबरठ्यावरील तांदळाचे माप तिने उजव्या पायाने लवंडले, परंतु बरणी कोणाच्या स्वाधीन केली नाही. बरणीत नखाएवढ्या लालचुटुक कोळंब्या फिरत होत्या.

"लोकांच्या घरी सुना सोनं घेऊन येतात," उत्तमराव पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आमच्याकडे जवळा आला."

"भाऊजी, हा जवळा नाही. चेरी कोळंबी म्हणतात हिला. ही पाळायची असते."

"जवळा खायचा असतो, पाळायचा नसतो. कांदा घातला की सगळी नावं सारखीच."

पाहुणे हसले. केतकी हसली नाही. तिने बरणी छातीशी धरली आणि ती घरात शिरली. त्या क्षणापासून तिने हे वाक्य मनात जपून ठेवले होते, हे पुढे कळावयाचे होते.

उत्तमरावांची टाकी बैठकीच्या खोलीत भिंतीच्या लांबीची होती. तीत शेपट्यांचे पंखे मिरविणारे गप्पी मासे होते, तळाशी हिरवे शेवाळ होते, आणि पाणी असे नितळ की काच आहे हे हात लावल्याविना समजू नये. या पाण्याविषयी त्यांना माशांहूनही अधिक अभिमान होता. नळाचे पाणी ते थेट टाकीत कधीही ओतीत नसत. शनिवारी आईचा तांब्याचा हंडा चिंच-मीठ लावून लखलखीत करावयाचा, तो भरून रात्रभर झाकून ठेवावयाचा, आणि रविवारी स्नान उरकून ते पाणी टाकीत घालावयाचे. त्या दिवशी माशांना उपास. तांब्यातील पाणी शुद्ध, हे त्यांच्या आईचे वचन होते, आणि हंडा हीच आईची घरात राहिलेली एकमेव वस्तू होती.

"माझ्या टाकीत गोगलगायसुद्धा जगत नाही, इतकं स्वच्छ पाणी आहे," असे ते येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत. ते खरेही होते. नव्या शेवाळाबरोबर चुकून आलेल्या गोगलगायी थोड्याच दिवसांत मरून जात आणि रिकामे शंख तेवढे वाळूवर उरत.

केतकीने दुसरी टाकी आणण्याचा विषय काढला, तेव्हा मुकुंद आडवा आला. "घर एक आहे तर टाकीही एकच असू दे. आज टाकी वेगळी मांडली तर उद्या लोक विचारतील, चूल कधी वेगळी मांडताय."

चूल वेगळी होणे, या शब्दांनी उत्तमराव दचकले. तोवर ते कोळंब्यांना टाकीत घेण्यास साफ नकार देत होते. मुकुंदाचे बोलणे ऐकून त्यांनी टाकीचे झाकण उचलले. शास्त्राच्या दृष्टीनेही त्यात काही गैर नव्हते. गप्पीचे तोंड इवलेसे. मोठी कोळंबी त्याच्या घशात जात नाही. नुकती जन्मलेली पिले तो अवश्य टिपतो, परंतु दाट शेवाळ असेल तर त्यांतील पुष्कळशी लपून वाढतात. मासा वरच्या पाण्यात, कोळंबी तळाशी. दोन शेजारी, ज्यांनी एकमेकांकडे बघण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात पहिल्याच सोमवारी सकाळी वाळूवर काही कोळंब्या उताण्या पडलेल्या आढळल्या. त्यांचा रंग जाऊन त्या उकडल्यासारख्या दिसत होत्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच झाले.

"तुमचे मासे कसाई आहेत," केतकी मेलेल्या कोळंब्या तळहातावर घेऊन उभी राहिली. "रविवारी त्यांना उपाशी ठेवता आणि माझ्या जिवांवर सोडता."

"माझे मासे इतकी वर्षं या घरात आहेत. त्यांच्यावर आजवर आळ आला नव्हता."

"आजवर त्यांना खायला कोणी मिळालंच नव्हतं ना!"

"दुबळं जित्राब आणायचं आणि मेलं की दुसऱ्याच्या नावाने बोंब मारायची. दापोलीकडे हीच रीत आहे काय?"

मुकुंदाने दोघांकडे पाहिले आणि पायांत चपला घातल्या. सायंकाळी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात भयदीपाचे खोके होते.

या यंत्राचे तत्त्व थोडक्यात सांगितले पाहिजे. मासा भ्याला की त्याच्या रक्तात एक द्रव्य वाढते आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात झिरपते. कोळंबीच्या मिशांच्या मुळाशी सूक्ष्म ग्रंथी असतात. भीतीचा निरोप ती तिथून पाण्यात सोडते. त्याचप्रमाणे जो प्राणी दुसऱ्यास खातो, त्याचाही गंध पाण्यात असतोच. भयदीपाचा सुपारीएवढा काचेचा मणी पाण्यात सोडतात. मण्यावरील पापुद्र्यात असे कृत्रिम रेणू बसविलेले असतात की प्रत्येक गंध आपापल्या खाचेत, कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. मग आतील गणकयंत्र कोण भ्याले हे ओळखते, आणि त्या समयी जवळपास कोणाचा गंध अधिक आहे हे पाहून भीतीचे कारण ठरविते. भिंतीवर दिवा, शांतता असता पांढरा, भय असता लाल. दिव्याखाली दोन ओळींची पट्टी.

एक गोष्ट मात्र खोक्यावर छापलेली नव्हती. यंत्राच्या स्मरणात केवळ प्राण्यांचे गंध होते, आणि 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती. 'ठाऊक नाही' म्हणणारे यंत्र कोण विकत घेणार?

आरंभी भयदीप खराच बोलला. एक गप्पी शेवाळातल्या कोळंबीच्या पिलामागे धावला, दिवा लाल झाला, पिलू लपताच पांढरा झाला. तिघांचाही त्यावर विश्वास बसला. नंतर रविवार आला. उत्तमरावांनी हंड्यातील पाणी टाकीत घातले, आणि ते हंडा आत ठेवून बाहेर येतात तोच खोली लाल प्रकाशाने भरून गेली.

"वाचा," केतकी म्हणाली. "मोठ्याने वाचा भाऊजी."

पट्टीवर अक्षरे होती : भयग्रस्त, कोळंबी. कारण, गप्पी.

"अगं, पण मासे बघ कुठे आहेत! सगळे वरच्या कोपऱ्यात गप्प आहेत. एक तरी खाली आलाय?"

"डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं असतं तर यंत्र कशाला आणलं असतं?"

या प्रश्नास उत्तमरावांजवळ उत्तर नव्हते. त्या काळी कोणाजवळच नव्हते. कारण एव्हाना भयदीपाची पुढील आवृत्ती निघाली होती, जी हवेतील मानवी घामाचा आणि श्वासाचा गंध वाचीत असे. शाळांच्या वर्गांत दिवे लागले. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांच्या खुर्चीमागे दिवा असे आणि तो लाल झाल्यास ठराव बारगळत असे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशांशेजारी दिवा ठेवीत आणि मुलीकडचे लोक मुलाच्या आईकडे रोखून बघत. भ्याला तो अपराधी किंवा ज्याला भ्याला तो अपराधी, अशी सोयीप्रमाणे दोन्ही अनुमाने काढण्यास लोक शिकले होते.

उत्तमरावांनी पहिले अनुमान स्वीकारले. मासे निरपराध आहेत याची त्यांना खात्री होती. तर मग अपराध अन्य कोणाचा तरी असला पाहिजे. मुकुंद नव्हे. ते स्वतः नव्हेत. राहता राहिली केतकी. वेगळे बिऱ्हाड थाटण्यास निमित्त हवे, म्हणून ही आपल्याच हाताने कोळंब्या मारीत असावी, असे त्यांच्या मनाने घेतले. आणि एकदा घेतल्यावर प्रत्येक गोष्टीत त्यास आधार सापडू लागला. ती दरवाजा हळू लावी, हा आधार. ती मुकुंदाशी स्वयंपाकघरात कुजबुजे, हा आधार. विचारताच ती भ्याली की अपराध सिद्ध, असे ठरवून अखेर त्यांनी घरासाठी भयदीपाचा तो नवा जोड आणून भिंतीवरील दिव्याला बसविला.

"प्रत्येकाने या कापसावर श्वास सोडायचा," ते म्हणाले. "म्हणजे ह्याला माणसं ओळखता येतील."

"दादा, घरात हे कशाला?" मुकुंदाने विचारले.

"लावू दे रे," केतकीने कापूस हिसकावून घेतला. "मलाही बघायचंय." तिने त्यावर दिवा विझवावा तशी फुंकर मारली.

त्याच दिवशी दुपारी तिघे जेवावयास बसले. बांगड्याचे तिखले होते. उत्तमरावांनी पहिला घास हातात धरूनच प्रश्न टाकला. "केतकी, खरं सांग. रविवारी मी अंघोळीला गेलो की टाकीत काय घालतेस?"

"काय म्हणालात?"

"तूच मारतेस त्यांना. म्हणजे माशांवर नाव, माझ्यावर नाव, आणि मग बॅगा भरायला मोकळी. माझा भाऊ घेऊन जायचाय ना तुला?"

भिंतीवर लाल प्रकाश पडला. उत्तमरावांचे तिकडे लक्ष होते. पट्टी न वाचताच त्यांनी बोट दाखविले. "बघ मुकुंदा! चोराच्या मनात चांदणं. बघ, कशी पकडली गेली!"

मुकुंदाने पट्टी वाचली. पुन्हा वाचली. "दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझं नाव आहे."

भयग्रस्त, उत्तम. कारण, केतकी.

 मग केतकी हसू लागली. लग्नाच्या दिवशी न हसलेले हसू तिने आज व्याजासह बाहेर काढले. "अगो बाई! लाद्यांवर लाद्या उचलणारे बर्फवाले भाऊजी, आणि नखाएवढ्या जवळेवालीला घाबरतात! मुकुंद, उद्या बंदरावर सांग हो सगळ्यांना!"

"तोंड सांभाळ!"

"दिव्याला सांगा सांभाळायला. तो बोलतोय, मी नाही."

उत्तमराव उठले. ताट लवंडले, तिखले फरशीवर पसरले. दिवा अधिकच लाल झाला, आणि त्या उजेडात ते असे काही बोलले की जे परत घेता येत नाही. "हे घर माझं आहे. हिला आणि हिच्या किड्यांना घेऊन चालता हो. आत्ताच्या आत्ता."

 आपण उठून दादाचा हात धरावा की बायकोचा, हा प्रश्न मुकुंदाला बहुधा लग्नापासून पडलेला होता. त्याने जाळे उचलले आणि टाकीतील कोळंब्या पकडून बरणीत भरण्यास सुरुवात केली.

संध्याकाळपर्यंत घर मोकळे झाले.

 पुढील दिवसांत कारखान्यात विचारणाऱ्यास उत्तमराव "चूल वेगळी झाली" एवढेच सांगत आणि यंत्राकडे वळत. मुकुंद-केतकी नाचणे गावाच्या रस्त्यावर एका माडीवरील भाड्याच्या खोलीत राहत असल्याचे आणि तिथे तिच्या कोळंब्यांना पिले झाल्याचे त्यांच्या कानी आले. "बघा, मासे नाहीत तर कशा जगल्या," असे ती शेजारणींना सांगते, हेही कानी आले. सांगणाऱ्याने ते आवर्जून सांगितले.

अशा वेळी एका सायंकाळी शेवाळातून एक कोळंबी बाहेर आली. जाळ्यातून ती सुटली असावी. तिच्या पोटाशी पिवळसर अंडी चिकटलेली होती. उत्तमराव टाकीजवळ खुर्ची ओढून बसले, ते तिला मरताना पाहण्यासाठीच. "आता ये खाली," ते गप्प्यांना म्हणाले. "नाव तर झालंच आहे तुमचं, आता खाऊन तरी घ्या."

एक गप्पी खाली आला. त्याने कोळंबीला नाकाने ढोसले. कोळंबीने मिशी हलविली आणि आपले चरणे चालू ठेवले. गप्पी निघून गेला. दिवा पांढराच राहिला. दुसऱ्या दिवशी पांढरा, तिसऱ्या दिवशीही पांढरा. शत्रूंच्या थव्यात ती एकटी होती आणि तिला भय नव्हते.

रविवारी त्यांनी नेमाप्रमाणे हंडा उचलला आणि अर्धे पाणी टाकीत घातले. दिवा लाल झाला. कारण, गप्पी.

मासे वरच्या कोपऱ्यात होते. उत्तमरावांनी ते डोळ्यांनी पाहिले, आणि या वेळी यंत्रापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवण्यास घरात त्यांना कोणी आडकाठी करणारे नव्हते. त्यांनी जाळे घेऊन एकूण एक गप्पी बादलीत काढला. मग हंड्यातील उरलेले पाणी घातले आणि ते नीट मिसळावे म्हणून हात कोपरापर्यंत टाकीत घालून ढवळले.

दिवा रक्तासारखा लाल झाला. कोळंबी वेड्यासारखी काचेवर आपटू लागली. पट्टीवरील जुनी अक्षरे पुसली गेली. गप्प्यांचा गंध विरळ झाला होता. यंत्राला नाव तर घेतलेच पाहिजे. त्याने पाण्यात जो गंध सर्वांहून जवळ होता तो उचलला.

भयग्रस्त, कोळंबी. कारण, उत्तम.

ते हात पाण्यातच ठेवून ती ओळ वाचीत राहिले. नंतर त्यांची दृष्टी वाळूवरील रिकाम्या शंखांकडे गेली, आणि तिथून लखलखीत हंड्याकडे. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायू खेळतो, म्हणून तिथे तांब्या-पितळेची एक चकतीसुद्धा बसवीत नाहीत. धातू विरघळतो, झिजतो, वाहून जातो, हे ते नवशिक्यांना ओरडून शिकवीत असत. चिंचेने घासलेल्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातही तांबे उतरते. मनुष्यास त्याचे काही वाटत नाही. माशाला थोडे सोसते. कोळंबीचे रक्त निळसर असते आणि ते निळे असते तांब्यामुळेच. परंतु रक्तात जे औषध तेच पाण्यात वाढले की तिच्या कल्ल्यांना विष. गोगलगायींचीही तीच गत होते. आईच्या हंड्याची चकाकी आठवड्यामागून आठवडा टाकीत विरघळत होती, आणि यंत्राच्या स्मरणात तांब्याचा गंध नव्हता, कारण तांबे हा प्राणी नव्हे.

त्यांनी प्लास्टिकच्या पिंपात कपड्यांसाठी साठविलेले साधे पाणी स्टीलच्या डब्यात ओतले आणि कोळंबीला त्यात सोडले. मग ते चालत नाचणे रस्त्याला गेले.

दार केतकीने उघडले, तेही अर्धेच. "काय आणलंत?"

"तुझी आहे. राहिली होती. अंडी आहेत पोटाशी."

केतकीने डब्यात डोकावून पाहिले. "माशांनी ठेवली?"

"माशांनी कधीच काही केलं नव्हतं. हंड्यातल्या तांब्याने मेल्या. गोगलगायीसुद्धा त्यानेच मरत होत्या, आणि मी ते कौतुकाने सांगत होतो." त्यांनी सर्व हकीकत उभ्या उभ्या सांगितली. आत मुकुंद इंजिनाचा भाग मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा हात थांबला.

"म्हणजे सगळ्या तुम्ही मारल्यात," केतकी म्हणाली.

"हो."

"अंघोळ करून, शुद्ध पाणी घालून."

"हो."

"आणि वर मला खुनी ठरवलंत."

"ठरवलं."

"म्हणजे दिवा खोटा."

"त्याला जेवढे वास ठाऊक, त्यातलंच एक नाव तो घेतो."

केतकीने डोळे बारीक केले. "मग त्या दिवशी माझं नाव घेतलं, तेही खोटंच?"

"खोटंच."

"मग भ्यालात कशाला?"

उत्तमरावांनी तोंड उघडले. रिकाम्या घराला गंध नसतो, म्हणून ते यंत्राला सापडले नाही. एवढे सांगावयाचे होते. परंतु बर्फाच्या कारखान्यात अशी वाक्ये कोणी बोलत नाही, आणि त्यांना ती सवय नव्हती. ते म्हणाले, "भात अजून तिघांचा लावतो. हात ऐकत नाही."

"मग कमी लावा," केतकी म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

दाराशी ते तसेच उभे राहिले. आतून पाण्याचा आवाज आला. मुकुंद उठेल असे त्यांना वाटले. तो उठला नाही, मात्र त्याने मान फिरवून भावाकडे पाहिले आणि पाहतच राहिला. केतकी परत आली तेव्हा तिच्या हातात निराळाच डबा होता, पिवळ्या झाकणाचा. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत पाठविण्याची रीत त्या किनाऱ्यावर नाही, वैऱ्याकडेही नाही.

उत्तमरावांनी झाकण उचलले. आत सुका जवळा होता, काठोकाठ.

"खायचा असतो ना?" केतकी म्हणाली. "कांदा घाला."

त्यांनी मान हलविली आणि झाकण लावले. "माझा डबा?"

"त्यात ती आहे. पिलं होईपर्यंत हलवणार नाही. आणि हा डबा माझ्या माहेरचा आहे, धुऊन परत आणून द्यायचा." तिने दार लोटता लोटता पुन्हा किलकिले केले. "रिकामा आणू नका."

आतून मुकुंदाचा आवाज आला. "आणि दादा, तांब्यातलं काही नको!"

दार लागले. उत्तमराव डबा दोन्ही हातांत धरून जिना उतरू लागले.